रस्त्यावरील सूक्ष्म धूलिकण : मोजमाप, प्रतिमाने आणि नगरनियोजन

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरी व अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेले प्राचीन मंदिरनगर आहे. मराठी वाचकांना ते सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी ज्या तंजावर प्रांतात मराठी राज्याची स्थापना केली, त्याच प्रांतातील हे एक प्रमुख नगर होय. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण येथेच गेले. गुरू सिंह राशीत असताना नाशिक-त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ पर्व भरते. त्याच बारा वर्षांच्या चक्रात कुंभकोणमच्या सरोवरावर ‘महामहम्’ हा स्नानोत्सव होतो. यापूर्वीचा महोत्सव २०१६ मध्ये झाला आणि पुढील २०२८ मध्ये अपेक्षित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख ४० हजार लोकसंख्या असलेल्या या नगराला २०२१ मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाला.

अशा मध्यम आकाराच्या शहरात मंदिरांभोवतीचे जुने रस्ते रथयात्रा आणि पादचारी यांच्यासाठी आखलेले असतात. आज त्याच रस्त्यांवरून बसगाड्या, दुचाकी, रिक्षा आणि मालवाहू वाहने धावतात. येथील हवा सुधारण्यासाठी नगरपालिकेकडे मर्यादित निधी आहे, असे समजू. तो यांत्रिक झाडूवर खर्च करावा, रस्त्याच्या कडा फरसबंद करण्यावर करावा, की जड वाहने शहराबाहेरून वळविण्यावर करावा? या प्रश्नाचे उत्तर केवळ अंदाजाने देता येत नाही. हवेत कण किती आहेत हे मोजमाप सांगते. ते कोठून आले आणि एखादा उपाय केल्यास किती कमी होतील हे प्रतिमान सांगते. या दोन्ही साधनांची ओळख करून देणे आणि त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सूक्ष्म धूलिकण म्हणजे काय?

हवेत तरंगणाऱ्या घन व द्रव कणांचे वर्गीकरण त्यांच्या वायुगतिकीय व्यासानुसार केले जाते. १० मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना पीएम १० आणि २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना पीएम २.५ म्हणजेच सूक्ष्म धूलिकण असे म्हणतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सर्वसाधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन असते, हे लक्षात घेतल्यास या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना येते. मोठे कण नाक व घशात अडकतात. सूक्ष्म कण मात्र फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तप्रवाहातही प्रवेश करू शकतात.

अमेरिकेतील सहा शहरांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. सूक्ष्म कणांचे प्रमाण आणि मृत्युदर यांचा परस्परसंबंध त्यातून प्रथमच ठळकपणे पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा आणि २०१३ मध्ये बाह्य वायुप्रदूषणाचा समावेश मानवामध्ये कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला.

आपल्या देशात नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय परिवेशी वायुगुणवत्ता मानकांत पीएम २.५ चा प्रथमच समावेश झाला. त्यानुसार पीएम २.५ साठी वार्षिक सरासरी मर्यादा प्रतिघनमीटर ४० मायक्रोग्रॅम आणि २४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम आहे. पीएम १० साठी हेच आकडे अनुक्रमे ६० आणि १०० आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारित केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पीएम २.५ ची वार्षिक पातळी ५ आणि २४ तासांची पातळी १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये.

वाहतुकीतील कणांचे तीन उगम

रस्त्यावरील प्रदूषण म्हणजे धुराड्यातून निघणारा धूर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. वाहतुकीतून कण तीन मार्गांनी हवेत येतात.

पहिला मार्ग इंजिनातील ज्वलनाचा. डिझेलच्या धुरातील काजळीचे कण बहुतांशी एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. दुसरा मार्ग झिजेचा. ब्रेकची अस्तरे, टायर आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांची घर्षणाने झीज होते व त्यातून तांबे, अँटिमनी, बेरियम, जस्त यांसारखी मूलद्रव्ये असलेले कण बाहेर पडतात. तिसरा मार्ग म्हणजे रस्त्यावर साचलेली धूळ चाकांमुळे पुन्हा हवेत उडणे. विजेवर चालणारी वाहने पहिला उगम नाहीसा करतात. परंतु उरलेले दोन उगम त्यांच्यामुळे आपोआप संपत नाहीत, ही बाब धोरण ठरविताना ध्यानात ठेवावी लागते.

याशिवाय वाहनांतून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून वातावरणात रासायनिक क्रियेने नायट्रेटचे कण तयार होतात. यांना दुय्यम कण म्हणतात. ते उगमापासून बऱ्याच अंतरावर निर्माण होत असल्याने त्यांचा संबंध विशिष्ट रस्त्याशी जोडणे कठीण असते.

येथे एक साधे गणित उद्बोधक ठरेल. घनता समान मानल्यास कणाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १० मायक्रॉनच्या एकाच कणाचे वजन २.५ मायक्रॉनच्या ६४ कणांइतके आणि ०.१ मायक्रॉनच्या १० लाख कणांइतके भरते. आपण फक्त पीएम १० चे वजन पाहिले, तर मातीच्या थोड्या कणांपुढे काजळीचे असंख्य कण नगण्य वाटू लागतात. आरोग्यदृष्ट्या परिस्थिती अनेकदा याच्या उलट असते. कोणता कण मोजला जातो यावर कोणता उपाय योग्य दिसेल हे ठरते, ही गोष्ट या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

मोजमापाच्या पद्धती

सूक्ष्म कण मोजण्याची मूलभूत पद्धत वजनाची आहे. ठरावीक वेगाने हवा ओढणाऱ्या यंत्राच्या मुखाशी मोठे कण वेगळे केले जातात आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण एका गाळणपत्रावर जमा होतात. यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढत असेल, तर २४ तासांत सुमारे २४ घनमीटर हवा गाळणपत्रातून जाते. हवेतील प्रमाण नेमके ६० मायक्रोग्रॅम असेल, तर पत्रावर १,४४० मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे दीड मिलिग्रॅम पदार्थ साचेल. साखरेच्या एखाद-दुसऱ्या दाण्याइतके हे वजन अचूक मोजण्यासाठी गाळणपत्र वापरापूर्वी व नंतर नियंत्रित तापमान आणि आर्द्रतेत ठेवावे लागते आणि अतिसंवेदनशील तराजू वापरावा लागतो. ही पद्धत विश्वासार्ह आहे. परंतु तिच्यातून दिवसाची एकच सरासरी मिळते. सकाळी नऊ वाजताची गर्दी आणि पहाटे तीनची शांतता यांतील फरक तिला दिसत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी बीटा किरणांच्या क्षीणनावर आधारित यंत्रे वापरली जातात. कार्बन-१४ सारख्या उगमातून निघणारे बीटा किरण कण साचलेल्या फितीतून पाठविले जातात. कण जितके अधिक, तितके पलीकडे पोहोचणारे किरण कमी. या यंत्रांमुळे तासातासाची आकडेवारी मिळते. देशातील सातत्याने चालणाऱ्या स्वयंचलित केंद्रांत अशी यंत्रे मोठ्या प्रमाणावर आहेत.

तिसरी पद्धत प्रकाशाच्या विकिरणाची आहे. हातात मावणारी, अल्पखर्चिक संवेदक उपकरणे याच तत्त्वावर चालतात. मात्र हवा दमट असताना कण पाणी शोषून फुगतात आणि उपकरण वास्तवापेक्षा अधिक प्रदूषण दाखवू शकते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील किंवा कोकणातील दमट सकाळी हा दोष विशेष जाणवू शकतो. म्हणून अशी उपकरणे प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून त्यांची पडताळणी करणे अनिवार्य ठरते.

यंत्राइतकेच महत्त्व जागेला आहे. इमारतीच्या गच्चीवरील केंद्र शहराची सर्वसाधारण हवा दाखविते. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस किंवा फेरीवाला श्वासावाटे घेतो ती हवा दाखवीत नाही. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता संनियंत्रण कार्यक्रमात हाताने चालविल्या जाणाऱ्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवस नमुने घेण्याची पद्धत आहे. दीर्घकालीन कल समजण्यास ही आकडेवारी मोलाची आहे; परंतु एकेका रस्त्याचा हिशेब तिच्यातून लागत नाही.

कण कोणाचे? : पुणे व मुंबईचा अनुभव

गाळणपत्रावर जमलेल्या कणांचे रासायनिक पृथक्करण केल्यास त्यांचा उगम शोधता येतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम व कॅल्शियम माती व बांधकामाकडे निर्देश करतात. पोटॅशियम जैवइंधनाच्या ज्वलनाकडे. सोडियम व क्लोरीन समुद्राकडे. तर मूलद्रव्यी कार्बन प्रामुख्याने डिझेलच्या धुराकडे. एकेकाळी शिसे ही पेट्रोल वाहनांची खूण होती. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यानंतर ती खूण पुसली गेली. प्रत्येक उगमाची ‘रासायनिक ओळख’ ठाऊक असल्यास एकूण नमुन्यात त्याचा वाटा किती, हे समीकरणे सोडवून काढता येते. या पद्धतीस रासायनिक वस्तुमान संतुलन असे म्हणतात. ती मोजलेल्या जागेपासून उगमाकडे मागे जाते, म्हणून तिला ग्राही प्रतिमान असेही संबोधतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळूर व कानपूर या सहा शहरांत असा व्यापक अभ्यास करवून घेतला आणि त्याचा राष्ट्रीय सारांश २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याचे काम तेथीलच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने, मुंबईचे नागपूरस्थित राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, तर चेन्नईचे आयआयटी मद्रासने केले. पीएम १० मध्ये रस्त्यावरील व मातीच्या धुळीचा वाटा मोठा असतो, पीएम २.५ मध्ये मात्र वाहनांसह विविध ज्वलनांचा वाटा वाढतो, असे या अभ्यासातून दिसून आले. तसेच २०१२ व २०१७ या वर्षांसाठी निरनिराळ्या उपायांचा परिणाम काय होईल, याचे अनुमान प्रतिमानांच्या साहाय्याने मांडण्यात आले.

ग्राही प्रतिमानालाही मर्यादा आहेत. डिझेलवर चालणारा ट्रक आणि डिझेलवर चालणारा जनित्र संच यांची रासायनिक ओळख जवळपास सारखीच असते. शिवाय एखादा उपाय केल्यास उद्या काय होईल, हे ही पद्धत एकटी सांगू शकत नाही. त्यासाठी उगमापासून पुढे जाणारे प्रतिमान लागते.

उत्सर्जनाचा हिशेब

कोणत्याही विसरण प्रतिमानाची पहिली पायरी म्हणजे उत्सर्जन सूची. तिचे मूळ सूत्र सोपे आहे : वाहनांची संख्या, प्रत्येकाने कापलेले अंतर आणि प्रतिकिलोमीटर बाहेर पडणारे कण अर्थात उत्सर्जन गुणांक, यांचा गुणाकार. भारतीय वाहनांसाठीचे गुणांक उपरोक्त पुण्याच्या संस्थेनेच २००० च्या दशकात प्रयोगशाळेतील चाचण्यांद्वारे निश्चित केले. परदेशी गुणांक जसेच्या तसे वापरणे योग्य नव्हते. कारण आपल्या रस्त्यांवरील दुचाकी-तिचाकींचे प्रमाण, वाहनांचे वय, वारंवार थांबणे व निघणे हे सारे निराळे आहे. २००३ मध्ये पुण्यात झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत रस्त्यांचे चित्रीकरण करून वाहनांचे प्रकार मोजण्यात आले आणि धावत्या वाहनांवर उपग्रहाधारित स्थानदर्शक बसवून त्यांचा वेग व थांबे नोंदविण्यात आले. नोंदणीकृत वाहनांची संख्या आणि प्रत्यक्ष रस्त्यावर धावणारी वाहने या दोन भिन्न गोष्टी असल्याने अशा पाहणीवाचून पर्याय नसतो.

उडणाऱ्या धुळीसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे सूत्र जगभर वापरले जाते. फरसबंद रस्त्यावर प्रतिचौरसमीटर साचलेली ७५ मायक्रॉनहून बारीक माती आणि वाहनांचे सरासरी वजन, या दोन घटकांच्या जवळपास थेट प्रमाणात धूळ उडते, असे हे सूत्र सांगते. याच सूत्रानुसार उडालेल्या पीएम १० पैकी सुमारे एक-चतुर्थांश भागच पीएम २.५ असतो. रस्ता झाडल्याने पीएम १० जितके घटेल, तितके पीएम २.५ घटणार नाही, याचे हे एक कारण होय.

विसरण प्रतिमान : वारा, अंतर आणि उंची

उत्सर्जित कण वाऱ्याबरोबर पुढे जातात आणि जाताना आडवे व उभे पांगतात. कोणत्याही छेदात त्यांचे प्रमाण मध्यभागी सर्वाधिक व कडांकडे घंटाकृती वक्राप्रमाणे घटत जाते, या गृहीतकावर गाउसीय प्रतिमान उभे आहे. कारखान्याचे धुराडे हा बिंदुउगम मानला जातो. वाहता रस्ता हा रेषाउगम. कॅलिफोर्नियाच्या परिवहन विभागाने १९८४ मध्ये तयार केलेले कॅलाइन-४ हे रेषाउगमाचे सर्वपरिचित प्रतिमान असून भारतातील अनेक अभ्यासांत त्याचा वापर झाला आहे.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदानही उल्लेखनीय आहे. आयआयटी मुंबईतील ए. के. लुहार आणि रश्मी पाटील यांनी १९८९ मध्ये सर्वसाधारण सान्त रेषाउगम प्रतिमान मांडले. रस्ता अमर्याद लांबीचा आहे असे गृहीत धरण्याची गरज त्यात राहिली नाही आणि वारा रस्त्याशी कोणताही कोन करीत असला तरी गणित करता येऊ लागले. वळणावळणाच्या, थोड्याथोड्या अंतरावर चौक असणाऱ्या भारतीय शहरांच्या दृष्टीने ही सुधारणा अर्थपूर्ण होती.

प्रतिमान कसे चालते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका रस्त्यावरून ताशी २,००० वाहने जातात आणि प्रत्येक वाहन सरासरी प्रतिकिलोमीटर ०.०५ ग्रॅम पीएम २.५ सोडते, असे मानू. म्हणजे प्रतिकिलोमीटर ताशी १०० ग्रॅम, अर्थात रस्त्याच्या प्रत्येक मीटरमागे सेकंदाला सुमारे २८ मायक्रोग्रॅम. वारा रस्त्याला काटकोनात सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असेल आणि रस्त्यापासून काही अंतरावर कणांचा उभा पसारा ५ मीटर झाला असेल, तर गाउसीय सूत्रानुसार जमिनीलगत या रस्त्यामुळे प्रतिघनमीटर सुमारे ४.४ मायक्रोग्रॅमची भर पडते. वाऱ्याचा वेग तिप्पट झाल्यास हीच भर दीड मायक्रोग्रॅमवर येते.

या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वाहतूक तितकीच असूनही वाऱ्याच्या वेगानुसार प्रदूषण कित्येक पटींनी बदलते. म्हणून उपाय केल्यावर प्रदूषण घटले, तर ते उपायामुळे की वाऱ्यामुळे, हे हवामान विचारात घेतल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरी, मोकळ्या जागेतील एका रस्त्याची भर काही मायक्रोग्रॅमची असते आणि ती शहराच्या मूळ पातळीत मिसळते. मूळ पातळी वेगळी मोजल्याशिवाय रस्त्याचा वाटा ठरविता येत नाही. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यात मात्र हवा कोंडली जाऊन ही भर पुष्कळ वाढते. अशा रस्त्यांसाठी डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या घळ-रस्ता प्रतिमानासारखी निराळी साधने वापरावी लागतात.

वातावरणाच्या स्थैर्याचाही विचार करावा लागतो. भर दुपारी तापलेल्या जमिनीमुळे हवा वर-खाली घुसळली जाते व कण लवकर पांगतात. हिवाळ्याच्या रात्री तापमानाची विपरीतता निर्माण होऊन थंड हवेचा थर जमिनीलगत स्थिरावतो आणि कण त्यातच अडकून राहतात. पास्क्विल यांनी १९६१ मध्ये सुचविलेले स्थैर्याचे सहा वर्ग यासाठी आजही वापरले जातात.

रस्त्यापासून शहरापर्यंत

एका रस्त्यापुरते मर्यादित न राहता संपूर्ण शहराचे पूर्वानुमान द्यावयाचे असल्यास हवामान आणि वातावरणीय रसायनशास्त्र यांची एकत्रित प्रतिमाने महासंगणकावर चालवावी लागतात. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ हा प्रकल्प प्रथम २०१० मध्ये राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत राबविला. त्यानंतर २०१३ मध्ये पुणे, २०१५ मध्ये मुंबई आणि २०१७ मध्ये अहमदाबाद येथे त्याचा विस्तार झाला. शहराचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकातील उत्सर्जन निश्चित करणे, केंद्रांवरील मोजमापाशी त्याचा पडताळा घेणे आणि पुढील दिवसांचे पूर्वानुमान नागरिकांना समजेल अशा रीतीने देणे, ही त्याची वैशिष्ट्ये होत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता निर्देशांकाने आठ प्रदूषकांची माहिती एका आकड्यात व रंगात मांडून हीच गरज पूर्ण केली.

प्रतिमानावर किती विश्वास ठेवावा?

प्रतिमान म्हणजे वास्तव नव्हे. त्याची कसोटी मोजमापाशी तुलना करूनच लागते. किमान निम्मी अनुमाने प्रत्यक्ष मूल्याच्या निमपट ते दुप्पट या मर्यादेत असतील, तर प्रतिमान स्वीकारार्ह मानण्याचा प्रघात आहे. ही मर्यादा किती सैल आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. गाउसीय सूत्रात वाऱ्याचा वेग छेदस्थानी असतो. त्यामुळे वारा सेकंदाला एक मीटरहून कमी झाला की उत्तरे अवास्तव वाढू लागतात. नेमक्या अशाच शांत रात्री आपल्या शहरांत प्रदूषण सर्वाधिक असते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने एक अनपेक्षित प्रयोग घडवून आणला. रस्ते रिकामे झाल्यावर अनेक शहरांत सूक्ष्म कणांचे प्रमाण लक्षणीय घटले. मात्र ते शून्यावर आले नाही. घरगुती इंधन, वीजनिर्मिती आणि दूरवरून वाहत येणारे कण यांतून बनलेली मूळ पातळी किती मोठी आहे, हे त्यातून प्रकर्षाने दिसले.

धोरणाची दिशा

वाहनांतील ज्वलनाबाबत देशाने केलेली प्रगती निर्विवाद आहे. भारत स्टेज-४ मानके एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली आणि पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज-६ अमलात आले. इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. डिझेल मोटारींसाठी कणांची मर्यादा प्रतिकिलोमीटर २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आणण्यात आली आणि वजनाबरोबरच कणांच्या संख्येवरही प्रथमच बंधन आले : प्रतिकिलोमीटर ६० हजार कोटी कण. आकडा प्रचंड वाटला, तरी वजनात न दिसणारे अतिसूक्ष्म कण धोरणाच्या कक्षेत आले, हे त्याचे महत्त्व. अर्थात, जुनी वाहने रस्त्यावर आहेत तोवर या सुधारणेचा लाभ हळूहळूच मिळणार.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत कणांचे प्रमाण २० ते ३० टक्क्यांनी घटविण्याचे मूळ उद्दिष्ट पुढे २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे सुधारण्यात आले. सुमारे १३० शहरांच्या या यादीत महाराष्ट्रातील नाशिकसह १९ शहरे आहेत. शहरांची कामगिरी प्रामुख्याने पीएम १० वर जोखण्यात आली आणि खर्चाचा मोठा हिस्सा रस्त्यावरील धूळ रोखण्याकडे वळला. धूळ रोखणे निरर्थक नव्हे. परंतु आधी सांगितलेले वजनाचे गणित आठवल्यास, पीएम १० चे उद्दिष्ट गाठूनही आरोग्यास अधिक घातक असलेले सूक्ष्म कण जवळपास तसेच राहू शकतात, हे ध्यानात येते.

मध्यम शहरांसाठी मार्ग

तमिळनाडूतील चेन्नई, मदुराई, तिरुचिरापल्ली व तुतुकुडी या शहरांचा वरील यादीत समावेश आहे, कुंभकोणमचा नाही. त्याला सर्वांत जवळचे तिरुचिरापल्लीही सुमारे ९० किलोमीटर दूर आहे. देशातील शेकडो मध्यम शहरांची स्थिती अशीच आहे. यादीत नसणे म्हणजे हवा शुद्ध असणे नव्हे. तथापि, प्रत्येक शहरात महागडी केंद्रे व महासंगणक उभारणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही.

अशा शहरासाठी एक माफक आराखडा मांडता येईल. रस्त्यालगत एक व वाहतुकीपासून दूर एक, अशा दोन ठिकाणी प्रत्येक ऋतूत काही आठवडे प्रमाणित यंत्राने मोजमाप करावे. दोहोंतील फरक हा त्या रस्त्याचा ढोबळ वाटा. ऋतूंची निवड स्थानिक हवामान पाहून करावी. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा पावसाळा. कावेरीच्या मुखाशी मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पाऊस हवा धुऊन काढतो. जानेवारीत भोगीच्या दिवशी जुन्या वस्तू जाळण्याची प्रथा असल्याने त्या दिवसाची नोंद वेगळी ठेवावी लागेल. जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थी वाहनांची गणना करू शकतात, रस्त्याच्या ठरावीक भागातील धूळ झाडून तिचे वजन करू शकतात. पडताळलेली अल्पखर्चिक उपकरणे अधिक ठिकाणी बसवून तफावत पाहता येते. या आकडेवारीवर साधे रेषाउगम प्रतिमान चालवून, जड वाहने वळविल्यास किंवा रस्त्याच्या कडा बांधल्यास काय फरक पडेल, याची तुलना करता येते. उत्तर अचूक नसले, तरी दोन पर्यायांतील सरस कोणता, हे ठरविण्यास ते बहुधा पुरेसे असते.

या कामाला वेळेचे बंधनही आहे. नाशिक येथे २०२७ मध्ये आणि कुंभकोणम येथे २०२८ मध्ये देशभरातून भाविक येतील. त्यांच्यासाठी रस्ते, वाहनतळ व बसस्थानके यांचे नियोजन आधीच करावे लागते. गर्दी व पाणी यांच्या नियोजनाबरोबर हवेचेही आगाऊ मोजमाप झाले, तर पर्वकाळातील वाहतूक कोठे थांबवावी आणि कोणता मार्ग पादचाऱ्यांसाठी राखावा, हे निर्णय अधिक आधाराने घेता येतील. उत्सवानंतर केलेले मोजमाप आधीच्या मोजमापाशी ताडून पाहता येईल आणि तो अनुभव पुढील बारा वर्षे शहराच्या उपयोगी पडेल.

मोजमापाशिवाय प्रतिमान निराधार असते आणि प्रतिमानाशिवाय मोजमाप मुके असते. सार्वजनिक निधीचा विनियोग करणाऱ्या संस्थेने या दोहोंची सांगड घातली पाहिजे, तसेच आपण नेमका कोणता कण मोजत आहोत, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. हवेत काय आहे हे जाणून घेण्याचा अधिकार महानगरातील नागरिकाइतकाच मंदिरनगरातील अरुंद रस्त्यावर दिवसभर दुकान मांडून बसणाऱ्या विक्रेत्यालाही आहे. स्वच्छ हवेच्या धोरणाचा पुढील टप्पा अशा शहरांपर्यंत पोहोचावा, अशी अपेक्षा करणे अवाजवी ठरणार नाही.